रुपराव ढोबळ्यांची भोसलेकालीन भिंत

आडनाव ढोबळे असलं तरी रुपरावांच्या कामात ढोबळ असं काही नव्हतं. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वस्तीत कोणाला खोली वाढवायची असो की जिना फिरवायचा असो, नकाशा त्यांच्याकडेच यायचा. घर मोजायचं, नकाशा काढायचा, फाइल कचेरीत टाकायची आणि मग तिच्यामागे चपला झिजवायच्या, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. शहराबाहेरच्या नव्या लेआउटात एवढा ताप नसतो. इथे मात्र दोन गल्ल्या सोडल्या की एक वेस, चार घरं सोडली की एक देऊळ, आणि प्रत्येक जुन्या दगडामागे एक समिती. समितीची बैठक म्हणजे उंबराचं फूल. बैठक ठरली तर माणसं पुरत नाहीत, माणसं पुरली तर फाइल सापडत नाही, आणि फाइल सापडते त्या दिवशी साहेबांची बदली झालेली असते. रुपराव हे सगळं गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकत आणि वर बजावत, "पण बिना परवानगीचं बांधू नका गा. कागद हाय तं मानूस हाय." लोक मान डोलवत, आणि पुष्कळ जण बांधूनही टाकत.

त्यांचं स्वतःचं घरही त्याच वस्तीत. खाली दोन खोल्या, वर एक, आणि संडास गच्चीवर. जिना सोळा पायऱ्यांचा, शिडीसारखा उभा. पाय धड होते तोवर त्याचं कोणाला काही वाटलं नाही. तीन वर्षांमागे त्यांची बायको तुळसाबाई त्याच जिन्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण जिना काही जुळला नाही. पायरीवर बसायचं, हातावर जोर देऊन वरच्या पायरीवर सरकायचं, पुन्हा बसायचं, असं करत बाई वर जायची. शेवटी तिनं आपल्यापुरता उपाय काढला. दुपारी तीननंतर पाणी बंद. नागपूरच्या मे महिन्यात, पारा सेहेचाळीसला टेकलेला असताना, ही बाई ओठांवरून नुसता ओला हात फिरवायची.

रुपरावांनी ठरवलं की खालीच संडास-न्हाणी काढायची. स्वयंपाकघरामागे पाच फुटांचा बोळ होता, सांडपाण्याची गडरलाइन तिथूनच जात होती. मधली भिंत फोडून एक दार काढलं की झालं. चार दिवसांचं काम. त्यांनी नकाशा काढला, फाइल टाकली, आणि सात महिन्यांनी उत्तर आलं : सदर भिंत वारसा यादीत अनुक्रमांक सातवर असल्याने भिंतीस छेद देता येणार नाही.

ते कचेरीत गेले. या कामावर नव्यानं आलेली नूपुर मॅडम, वयानं त्यांच्या मुलीएवढी, पोरगी खरोखर चांगली. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि जुन्या पाहणीचा कागद समोर ठेवला. "वीस-बावीस वर्षं ही यादी कपाटात पडून होती, काका. मागच्या वर्षी लागू झाली. तुमच्या गल्लीतली अकरा घरं आहेत त्यात. कोणी केली माहीत नाही, पण अक्षर पाहा न काय सुंदर आहे."

रुपरावांनी पाहिलं. 'कालखंड' या रकान्यात एकच शब्द होता, भोसलेकालीन. अक्षर त्यांचंच होतं.

बाकी सगळं त्यांना तिथे खुर्चीवरच आठवलं. तेव्हा कचेरीनं रोजंदारीवर नकाशेवाले लावून जुन्या घरांची पाहणी करवली होती, आणि या गल्लीचं काम रुपरावांकडे आलं होतं. दहा घरं त्यांनी इमानानं मोजली. उरलेलं एक त्यांचं स्वतःचं. ही भिंत भोसल्यांच्या काळातली नव्हती की इंग्रजांच्याही. त्यांचे वडील नरखेडकडून गिरणीत कामाला आले, हे घर घेतलं, आणि कुठल्याशा पडक्या बांधकामाचे गोटे आणून चुन्यात ही भिंत स्वतः उभी केली. तेव्हा रुपराव सहा वर्षांचे होते, चुना कालवायला त्यांनीही हात लावला होता. पण गल्लीतले जुने लोक ढोबळ्यांना कधी महालातले समजलेच नाहीत. लग्नाकार्यात ओळख करून द्यायची झाली की "हे आमच्या बाजूचे, नरखेडचे." शेजारच्या भैयाजींची भिंत खरी भोसलेकालीन, दीड हात जाड, घरच त्यांच्या पूर्वजांना वतनात मिळालेलं. तिची नोंद करता करता रुपरावांच्या हातानं पुढच्या ओळीतही तोच शब्द लिहिला. एका शब्दानं कोणाचं काय बिघडतं? उलट बापाची भिंत तेवढीच मोठी झाली, असंही वाटलं होतं त्यांना.

मॅडमला ते काही बोलले नाहीत. घरी येऊन बायकोलाही काही बोलले नाहीत. पुढचं वर्षभर ते भिंत न फोडता संडास कसा काढावा याचे नकाशे काढत राहिले. तीन काढले, तिन्ही परत आले. भैयाजी ओट्यावरून म्हणायचे, "बांधून टाक ना गा, रुपराव. कोन पाहून राह्यलं? माह्या पोराईच्या चार मजली बिल्डिंगची फाइल ह्याच यादीपायी अडकली ते ठीक हाय, ते दिसते. तुहा संडास कोनाले दिसते?" पण आयुष्यभर दुसऱ्यांना नियम शिकवलेला माणूस, त्याचा हातच उचलेना. खरं सांगायचं तर नियमापेक्षा लाजच जास्त होती.

दुसऱ्या मे महिन्यात तुळसाबाईला थंडी वाजून ताप भरला. लघवीत जंतू, किडनीवर सूज. सलाइन लावताना डॉक्टरनं विचारलं, "पाणी पीत नाही का मावशी?"

"पेतो न," ती म्हणाली. "सकाळी."

रुपरावांना तिथे उभं राहवलं नाही. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं, त्या शब्दासकट. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "काहून लिव्हलं जी असं? मामंजीनं डोक्यावर गोटे वाहून बांधली, ते कमी होती का?"

दुसऱ्या दिवशी रुपरावांनी प्रतिज्ञापत्र करून कचेरीत दिलं : अनुक्रमांक सातची नोंद मी केली, ती खोटी आहे, भिंत माझ्या वडिलांनी बांधली. नूपुर मॅडमनं ते दोनदा वाचलं. मग त्यांच्याकडे पाहिलं, पण पूर्वीसारखं नाही.

"काका, ही एक खोटी. मग बाकीच्या दहांचं काय?"

"बाकीच्या खऱ्या हायेत, मॅडम. एकेक इंच मोजला मी."

"हे पण तुम्हीच सांगून राहिले न."

तिचंही खोटं नव्हतं. कागद वर गेला, आणि एरवी जिची बैठक भरता भरत नाही ती समिती पंधरा दिवसांत बसली. पाहणी करणाराच नोंदी खोट्या म्हणतो, तर पुन्हा पाहणी कोण करणार? त्यापेक्षा गल्लीच यादीतून काढून टाकली. अकराच्या अकरा घरं मोकळी. रुपरावांची परवानगी त्याच आठवड्यात हातात पडली. चाळीस वर्षांत एवढ्या लवकर एकही फाइल सुटलेली त्यांनी पाहिली नव्हती.

भिंत फुटली. गवंडी म्हणाला, बांधकाम पक्कं होतं, दोन छिन्न्या गेल्या. दार बसलं, भांडं बसलं, नळ आला. पहिल्या दिवशी तुळसाबाई भिंतीला धरत एकटी आत गेली आणि आतून कडी लावली. बाहेर आल्यावर माठापाशी जाऊन उभ्यानं दोन पेले पाणी प्यायली. संध्याकाळ होती. रुपरावांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

आठवड्यानं भैयाजी संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले. एवढे खूश की चप्पल काढायलाही विसरले. "तुह्यामुळं झालं गा सारं! आता बिल्डिंगचा नकाशा तूच काढ. दुसऱ्या कोनाच्या हातावर माहा भरोसा नाही."

"मी नाही काढत," रुपराव म्हणाले. "तुमची भिंत खरी हाय, भैयाजी. दोनशे वर्षाची. ते पाडू नका."

"कोन म्हन्ते खरी?"

"मी म्हन्तो. मी मोजली हाय."

भैयाजी हसले. त्या हसण्यात कपट नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. "तुह्या म्हनन्याले आता कोन पुसते, रुपराव? तूच तं लिहून देल्लं."

डबा ठेवून ते गेले. रुपरावांनी दोन दिवस काढले. आपण नाही म्हटलं तर दुसरा कोणी काढेल, आणि तो नीट मोजणारही नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी टेप घेऊन ते भैयाजींकडे गेले आणि सगळं घर मोजलं. ती भिंत शेवटी मोजली. घरी येऊन संगणकापुढे बसले. नकाशात जे पाडायचं ते पिवळ्या रंगात दाखवतात, जे नवं बांधायचं ते लाल. माप जुन्या पाहणीतल्या मापाशी सुताला सूत जुळत होतं. रुपरावांनी भिंत निवडली आणि पिवळी केली.