राजकन्येचा शेवट

सुताच्या खळीचा वास आला की भवानी पेठेतली ती दुपार आठवते. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, वाचता येत नव्हतं; ती मागासाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरायची आणि मी तिला वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवायचे, पंखांच्या घोड्यावरून राक्षसांशी लढणाऱ्या राजकन्येची. अक्काला स्थळ आलं होतं. "राजकन्येनं लग्न केलं तरच मी करणार की," ती म्हणाली. शेवटच्या पानावर राजकन्या लग्न नाकारून उडून गेली होती. अक्काचं बोलणं ऐकलेली आई माझ्याकडे रोखून बघत होती. मी वाचलं, "तिनं राजपुत्राला माळ घातली." रहाट थांबला. "आणि तलवार?" "ठिवली फळीवर." अक्कानं पुढची कांडी घेतली, आणि पुढे त्या स्थळालाही होकार दिला. परवा तिची नात तसलंच पुस्तक वाचत होती. अक्का म्हणाली, "शेवट मला ठावं हाय गं." मी शेजारीच होते, तेव्हाही तिला खरा शेवट सांगितला नाही.