टॉवेलचं बाळ

लग्नाचा पत्ता नाही, घरात साधं मांजरही नाही, तरी सगळा बालविभाग तिला ‘आईसाहेब’ म्हणायचा. होती दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. म्हणजे लहान मुलांची डॉक्टर होण्यासाठी रुग्णालयातच राहणारी, तिथेच जेवणारी आणि जागा मिळेल तिथे डुलकी काढणारी. हे नाव पडलं ते गुरुवारच्या वर्गामुळे.

त्या वर्गात पुस्तक उघडायचं नाही, असा विभागप्रमुख सरांचा दंडक. एकाने डॉक्टर व्हायचं, एकाने आई. आईच्या मांडीवर गुंडाळलेला टॉवेल, तेच बाळ. सर आईच्या कानात एक गोष्ट सांगायचे, जी तिने सहजासहजी बोलायची नाही. डॉक्टरने ती काढून घ्यायची. ज्याला जमलं तो एकट्याने ओपीडी बघायला मोकळा. नाही जमलं, तर बस सीनियरच्या मागे स्टूल टाकून.

आई व्हावं तर हिनेच. टॉवेलला अशी काही थोपटायची, की बघणाऱ्याला वाटावं आता ढेकर देतो की काय. शिवाय स्वभाव लोण्यासारखा. समोरचा घामाघूम झाला की हिला दया यायची आणि ही ते गुपित आपणहून सांगून टाकायची. अर्धी बॅच अशी हिच्या पुण्याईवर तरली आणि ओपीडीत ऐटीत बसू लागली. स्टूलवर उरली ती एकटी. कारण डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की बाईंची दातखीळ बसायची. दोनदा बसवून पाहिलं, दोन्ही वेळा वॉर्डातून बोलावणं आलंय असं सांगून पळाली. आता सरांनी सांगून टाकलं होतं, या गुरुवारी जमलं नाही तर आणखी सहा महिने स्टूल.

गुरुवार उजाडला आणि प्रश्न पडला, हिच्यासमोर आई कोण होणार? उपकार फेडायची वेळ आली की माणसांना नेमकं आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघावंसं वाटतं. तसे सगळे बघत बसले. शेवटी सरच उठले. झुबकेदार मिशा, सुटलेलं पोट. सिस्टरांची शाल मागून घेतली, डोक्यावरून ओढली, टॉवेल मांडीवर घेतला आणि बारीक आवाजात म्हणाले, “डॉक्टर, बाळ दूधच पीत नाही हो.”

हसून हसून पोरांची पुरेवाट झाली. आईसाहेब मात्र हसली नाही. तिने विचारायला सुरुवात केली. ताप? नाही. उलट्या? नाही. शी-शू? रोजच्यासारखी. खोकला, पुरळ, आधीचं आजारपण? नाही, नाही, नाही. प्रश्न संपले. सर ढिम्म. सरांना कोणाची दया आलेली आजवर कोणी पाहिली नव्हती.

तिने दाराकडे पाहिलं. वॉर्डातलं बोलावणं अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिचं लक्ष सरांकडे गेलं. टॉवेल छातीशी आवळून, अंग चोरून बसले होते. त्या खुर्चीत तीही अशीच बसायची की. कितीजणांनी तिला बाळाचं काय काय विचारलं होतं, पण तिची विचारपूस एकाही शहाण्याने केली नव्हती. तिला त्याचा दर वेळी राग यायचा. आई खोटी, पण राग खरा.

ती उठली. सगळ्यांना वाटलं, निघाली पळून. पण तिने खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि सरांच्या शेजारी येऊन बसली.

“बाळाचं जरा राहू द्या,” ती म्हणाली. “तुम्ही कशा आहात?”

सर शाल सावरत हळूच म्हणाले, “काल माझ्या नजरेआड पलंगावरून पडलं हो. घरी कोणाला बोलले नाही.”

“पडतात हो बाळं. सांगितलंत ते फार बरं केलंत. चला, आपण दोघी मिळून बघू.” तिने टॉवेल हातात घेतला आणि डोकं, मान, हातपाय असा इतका निगुतीने तपासायला लागली, की शेवटी सरांनाच बोलावं लागलं.

“आईसाहेब, टॉवेल आहे तो. सोमवारी खरी बाळं येतील ती तपासा. एकटीने.”

पोरांनी बाकं बडवून खोली डोक्यावर घेतली. तिला इतका आनंद झाला, की टॉवेल काखोटीला मारून ती तशीच होस्टेलवर गेली.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. “आई, सोमवारपासून ओपीडी माझी.”

आई हरखून गेली. जेवलीस का, झोपतेस का, सगळं विचारून झालं.

“आणि तुम्ही?”

“आम्ही मजेत.”

दर वेळी हेच उत्तर, आणि दर वेळी ही पुढच्या विषयाला लागायची. आज थांबली.

“आम्ही नको. तू कशी आहेस?”

आई खुदकन हसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “स्कूटर शिकतेय गं. परवा आपटले, गुडघा सोलवटलाय. तुझ्या बाबांना सांगितलंय, जिन्यात घसरले. पण तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही,” ती म्हणाली, आणि खुर्ची खिडकीशी ओढून बसली. “आता पहिल्यापासून सांग.”