कावून मॅडम

आमच्या डॉक्टर मॅडम पेशंटची नाडी धरायच्या आधी "कावून?" विचारायच्या; वऱ्हाडीत 'कावून' म्हणजे 'का'. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत वाढलेल्या. मुंबईत शिकल्या तरी बोली सोडली नाही. अमरावतीच्या त्यांच्या दवाखान्यात मी नर्स होते. पाठीमागे आम्ही त्यांना 'कावून मॅडम' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आवडायचंही.

बाळंतिणीचं डोकं दुखलं की आमच्याकडे कारण ठरलेलं: वारं लागलं, नाहीतर कमरेतलं भुलीचं इंजेक्शन बाधलं. मग डोक्याला फडकं गच्च आवळायचं नि प्यायचं पाणी तोडायचं. एकदा वरूडकडची एक सासू त्या इंजेक्शनच्या नावानं खडे फोडत आली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, सुनेचं बाळंतपण तर साधं झालं. इंजेक्शन देल्लंच नाही, मंग बाधलं कावून?"

मग सुनेला विचारलं, आडवं पडल्यावर थांबते का? इंजेक्शनचं दुखणं पडल्यावर बहुधा उतरतं, हे त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलेलं. हिचं थांबत नव्हतं, वर डोळ्यांपुढे काजवे. बीपी भलतंच वाढलेलं निघालं. बाळंतपणानंतरही ते वाढतं, हे त्या माउलीला कोण सांगणार? वेळेत सापडलं म्हणून पोरगी वाचली.

मला मात्र या प्रश्नांचा वैताग यायचा. बाहेर बाया ताटकळायच्या. एकदा म्हटलंच, मॅडम, द्या ना एक गोळी.

"माह्या मोठ्या बहिणीले गोळीच देल्ली होती," त्या म्हणाल्या. "डोकं बांधून निजवलं. कावून दुखते, हे कोणी इचारलंच नाही."

बाळंतपणानंतर गेलेल्या त्या बहिणीचं एवढंच सांगून त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं.

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. यंदा माझी लेक अकोल्याला, सासरीच, दुसऱ्यांदा बाळंत झाली. सिझर झालं होतं. घरी आल्यावर विहीणबाईंचा फोन: डोकं दुखून राहिलं, इंजेक्शन बाधलं असंल, फडकं बांधलं, तुमी काळजी करू नका. खरं सांगू? माझ्याही तोंडावर 'असेल बाई' आलंच होतं. पण म्हटलं, तिला द्या फोन. पडल्यावर थांबतं का गं? नाही. डोळ्यांना? धूसर दिसते, आई.

फोन परत सासूकडे द्यायला लावला. विहीणबाईंना म्हटलं, फडकं सोडा, ऑटो बोलवा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.

"अवो, पण कावून?"

रस्त्यात सांगते, म्हटलं, आणि बीपी मोजेपर्यंत फोन ठेवला नाही. तेच निघालं. लेक बरी होऊन घरी आली.

परवा अकोल्याला त्यांच्या शेजारची बाळंतीण डोकं बांधून बसलेली दिसली, तर म्हणे विहीणबाईंनीच तिला विचारलं, "पडल्यावर थांबते का? नाही? मंग कावून?" लेकीनं फोनवर हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. मॅडम फार आठवल्या.