अक्का आणि भुतांचा बंगला

अक्का वापरलेली रिबिन कधी फेकत नसत. टाइपरायटरवर अक्षरं करडी उमटू लागली की त्या रिबिन उतरवायच्या, उजेडात धरून पाहायच्या, शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडून डब्यात बंद करून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी उलटी करून परत चढवायच्या. वर आपल्या अहिराणी वळणाच्या बोलीत मुलांना दम द्यायच्या, "रिबिन शे ती, पाटाचं पाणी नाही. जपून वापरा."

अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या प्रत्येक गावात एक टायपिंग क्लास असायचा आणि त्यात अशी एक बाई असायची. पण आमच्या अक्का भुताचा व्हिडिओ गेम खेळायच्या, आणि तो माझ्यापेक्षा चांगला खेळायच्या. हे वाक्य आज मी सहज लिहितो आहे. त्या वेळी मी आतून जळत होतो.

जळगावात भांड्यांच्या दुकानावर आमचा क्लास होता. अकरा टाइपरायटर आणि प्लायवूडच्या पार्टिशनमागे दोन नवे कॉम्प्युटर. टाइपरायटर अक्कांचे, कॉम्प्युटर माझे. मी बावीस वर्षांचा, पुण्याहून कोर्स करून आलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं. क्लासचे मालक आबा मला 'सर' म्हणायचे. अक्का 'कॉम्प्युटर सर' म्हणायच्या. त्या 'कॉम्प्युटर'वर त्या जरा जास्त जोर देतात असा मला संशय होता. त्या रोज धरणगावहून बसने यायच्या. सरकारी परीक्षेला बसलेल्या निम्म्या जिल्ह्याला त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे बस कंडक्टरपासून कोर्टातल्या कारकुनापर्यंत सगळे त्यांना नमस्कार करायचे. मला कोणी करत नसे. इथूनच माझ्या जळण्याची सुरुवात झाली असावी.

तो गेम मला पुण्याच्या मित्राने सीडीवर दिला होता. मोटार बंद पडली म्हणून एक मुलगी जंगलातल्या जुन्या बंगल्यात शिरते, दार मागे बंद होतं आणि आत मेलेली माणसं हिंडत असतात. एवढीच गोष्ट. आता खरं सांगायचं तर गेममध्ये उणिवा बऱ्याच होत्या. प्रत्येक खोलीत कॅमेरा एका कोपऱ्यात खिळा ठोकल्यासारखा. मुलगी कपाटामागून अर्धी दिसायची आणि समोरून काय येतंय ते अजिबात दिसायचं नाही. डावीकडचं बटन दाबलं तर ती डावीकडे जाण्याऐवजी जागच्या जागी वळायची, भरलेली बैलगाडी वळावी तशी. दर दाराला ते दार सावकाश कुरकुरत उघडताना पाहत बसावं लागायचं. संवाद तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं पाठ म्हणतात तसे. स्वयंपाकघराचं कुलूप उघडायला विहिरीतून पुतळ्याचा डोळा आणायचा! असल्या घरात कोण राहत होतं आणि रोज चहा कसा करत होतं, देव जाणे.

तरी सुटायचा नाही. पिस्तुलात गोळ्या सहा, आणि पुढच्या कधी मिळतील याचा भरवसा नाही. पावलं ऐकू यायची, माणूस दिसायचा नाही. दारावर हात ठेवला की वाटायचं, नको, जाऊ दे. आणि तरी आपण दार उघडायचोच. वर आणखी एक गोम होती. खेळ जिथवर आला तिथवर जतन करायचा तर बंगल्यातल्या एखाद्या टाइपरायटरपाशी जावं लागे, आणि दर वेळी एक रिबिन खर्च होई. रिबिनी मोजक्याच.

मी दर दारानंतर जतन करायचो. जळगावची लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा, असं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण भीती. रिबिनी पहिल्या मजल्यावरच संपल्या आणि मी बंगल्याच्या ग्रंथालयात अडकलो. पोरांना मात्र सांगत होतो की अर्धा गेम झाला.

मे महिन्यात दुपारी क्लास रिकामा असायचा. कूलर फक्त कॉम्प्युटरच्या बाजूला होता, म्हणून अक्का डबा घेऊन तिथे बसायच्या. एक दिवस घास हातात तसाच ठेवून त्या पडद्याकडे वाकल्या.

"हे मशीन आपलंच शे ना?"

"तसलंच. त्याला रिबिन लागते. संपल्या सगळ्या."

"इतक्यात? कशावर घालवल्या?"

मी सांगितलं. अक्का हसल्या. "प्रत्येक दाराशी जपून ठेवायचं तर मग भ्यायचं कधी?"

महिनाभर डोकं फोडून मला जे कळलं नव्हतं ते या बाईने वरणभात खाताना सांगितलं. मला राग आला. मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "बसा ना, पहिल्यापासून बघा खेळून." दोन मिनिटांत मुलगी मरेल आणि अक्का उठतील, अशी माझी खात्री होती.

मुलगी मेली नाही. अक्कांनी कीबोर्डवर हात ठेवले आणि नंतर खाली पाहिलंच नाही. दारात थांबायच्या, मान कलती करायच्या आणि ऐकायच्या. अकरा मशीनं एकदम खडखडत असताना कोणत्या पोराचं कोणतं अक्षर चुकलं हे त्या पाठमोऱ्या बसून सांगत, हे मला माहीत होतं. त्याच कानाने त्या म्हणाल्या, "दोन शेतस. एक लंगडा. लंगडा दारामागे." आणि तसंच निघालं. कॅमेरा मेला कुठेही असो, त्यांना काही फरक पडत नव्हता. मी गोळी झाडायला सांगितली तर म्हणाल्या, "मरेलले काय मारतस? बाजूथून निंघी जाय." आणि त्या मुलीला भिंतीला घासून काढून नेलं. वर तिची समजूतही काढली, "थांब माय, श्वास घे."

तिथून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. आठवड्याभरात टायपिंगची पोरं-पोरी पार्टिशनमागे गर्दी करू लागली. मी खुर्चीवर बसलो की पोरं विचारत, "सर, अक्का कधी बसणार?" त्यातून लाईटची गंमत. आमच्या भागाची लाईट कधी जाते हे अक्कांना पाठ होतं, वीस वर्षं त्याच इमारतीत घालवलेली. "सव्वाचारला जाईल," म्हणून त्या चारला बंगल्यातला टाइपरायटर गाठायच्या, एक रिबिन वापरायच्या आणि पदराने वारा घेत बसायच्या. लाईट सव्वाचारला जायची! पोरं टाळ्या वाजवायची. मीही वाजवायचो. वाजवल्या नसत्या तर दिसलं असतं.

माझ्या निम्म्या रिबिनींत त्यांनी शेवटचं तळघर गाठलं. तेव्हा शनिवार होता. पुढे फक्त एक दार राहिलं होतं. अक्का म्हणाल्या, "सोमवारी. आज बस चुकेल."

त्याच संध्याकाळी आबांनी मला बाजूला घेतलं. जूनपासून टाइपरायटर काढायचे, सगळे कॉम्प्युटर आणायचे, हे ठरलं होतं. शिकवायला माणूस एकच ठेवायचा, हेही ठरलं होतं, आणि तो माणूस मी, असं मी धरून चाललो होतो. आबा म्हणाले, "सर, अक्कांचा हात पाहिला का? मी समजत होतो, बाई मशीनला भ्यायच्या. तुम्ही त्यांना महिनाभर शिकवा. पोरं त्यांचं ऐकतात. तुम्हाला काय, पुण्यात कुठंही नोकरी लागेल. सोमवारी मी पण येतो बघायला."

मला पुण्यात कुठेही नोकरी लागत नव्हती. लागत नव्हती म्हणूनच मी जळगावात होतो.

रविवारी मी किल्ली घेऊन क्लासवर गेलो. गेम पहिल्यापासून सुरू केला, मुलीला दारातून आत घेतलं, दाराजवळच्या पहिल्याच टाइपरायटरपाशी नेलं आणि अक्कांच्या खेळाच्या जागेवर माझा पाच मिनिटांचा खेळ जतन केला. अक्कांचं तळघर गेलं. नोकरीचं कारण होतं, नाही असं नाही. पण नोकरी नसती तरी मी हे केलं असतं असं मला आज वाटतं. त्या टाळ्या मला सहन होत नव्हत्या.

सोमवारी आबा खुर्ची घेऊन पुढे बसले. अक्कांनी खेळ उघडला. मुलगी बंगल्याच्या दारात, पहिल्या दिवशी होती तिथेच.

"हे काय झालं?" आबांनी विचारलं.

"व्हायरस," मी म्हणालो. तो शब्द तेव्हा नवा होता आणि सगळ्याला पुरायचा.

अक्कांनी विचारलं, "तो कशानं येतो?"

मला अजून मागे फिरता आलं असतं. मग म्हणालो, "नवीन माणसाकडून चुकीचं बटन दाबलं गेलं की येतो."

त्या बाईने टायपिंगच्या तीस वर्षांत चुकीचं बटन दाबलं नव्हतं. तिने आपली दहा बोटं समोर धरली आणि पाहिली. मग अक्का उठल्या, खुर्ची सरळ केली आणि आबांना म्हणाल्या, "मन्हा हातथून बिघडनं, आबा. इतकं महागाचं मशीन. मी याच्यात पडायला नको होतं."

"अक्का, होतं असं कधी," आबा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी व्हायरस शोधण्याचं नाटक करत होतो.

"नको. तुम्ही सरांनाच ठेवा. तो शिकेल-सवरेल माणूस आहे." आणि मग मला, "भाऊ, दुरुस्त होईल ना रे? तुझ्यावर तर नाही येणार?"

त्यांनी मला पहिल्यांदाच 'भाऊ' म्हटलं होतं. मी म्हणालो, होईल.

मे संपला तेव्हा अक्का गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी अकराही मशीनांना तेलपाणी केलं. दुसऱ्या दिवशी ती भंगारात जाणार होती हे त्यांना माहीत होतं. मला वाटलं होतं, आता पोटातलं दुखणं थांबेल. पावसाळ्यात मी तो गेमही पुरा केला. शेवट फुसका निघाला. एक मोठं भूत, चार गोळ्या आणि उगवता सूर्य. पाहायला कोणी नव्हतं. एका पोराने जाता जाता विचारलं, "अक्कांनी किती दिवसांत केला असता हो, सर?" मेल्या माणसाचा हेवा करतात हे ऐकलं होतं, मी नोकरी सोडून गेलेल्या बाईचा करत राहिलो.

दीड वर्षाने परीक्षेच्या कामासाठी धुळ्याला गेलो. अक्का आता तिथेच देवपूर भागात भावाकडे राहतात असं कळलं होतं. सांगून टाकायचं असं ठरवून गेलो, जिन्यावर दोनदा थांबलो. दार भाचीने उघडलं. कॉलेजातली मुलगी. आत्या दिवाळीआधीच गेली, म्हणाली. ताप आला, आठ दिवसांत संपलं. आत टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यावर भरतकाम केलेलं कापड.

"हे आत्यानंच भरलं," ती म्हणाली. "पण हात कधी लावला नाही. मी म्हणायची, आत्या, तू एवढी टाइप करायचीस, बस ना. दारात उभी राहायची, हात पदराखाली. म्हणायची, नको ग, माझ्या हातानं बिघडतं. जळगावला एक बिघडवलं, त्या पोराची नोकरी जाता जाता वाचली."

मी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. रविवार, किल्ली, तळघर, व्हायरस, सगळं. ती शेवटपर्यंत उभीच होती.

मग म्हणाली, "हे मला कशाला सांगता?"