सरासरी उणे दोन

डेपोत त्याला सगळे 'लोणी' म्हणत. बस अशी थांबवायचा, की डुलकी घेणाऱ्याची मानही हलायची नाही. ते नाव तो पगारापेक्षा जपायचा.

आणि पडली कोण, तर त्याची थोरली बहीण. त्याच्याच बसमध्ये, त्याच्याच सीटमागे उभी असताना. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, आता उठा, चाला. पण ताईने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. माझेच गुडघे दगा देतात, म्हणायची, पुन्हा पडेन. वॉकर कोपऱ्यात ओले टॉवेल वाळवण्याच्या कामी लागला होता. भाऊ ड्यूटी सुटली की यायचा आणि मुकाट तिच्या गुडघ्यांना तेल चोळायचा.

त्या संध्याकाळी भाची भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन खाटेशी बसली होती. तिने मामाकडून अपघाताच्या चौकशीतले आकडे विचारून घेतले. सिग्नल पिवळा झाला तेव्हा वेग ताशी छत्तीस किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. पाच सेकंदांनी बस उभी. शेवटच्या वेगातून पहिला वजा करायचा आणि वेळेने भागायचं.

"उणे दोन. हे सरासरी त्वरण," ती म्हणाली. "एवढ्याने कुणी पडत नाही, मामा. चौकशीवाल्यांनी उगाच नाही तुला सोडलं. आईचेच पाय गेलेत."

"मग मी वेगळं काय सांगतेय?" भिंतीकडून आवाज आला.

उणे दोन. किती मऊ आकडा. गिळून गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. पण तो घशाखाली उतरेना.

"ती सरासरी झाली गं," तो तेल चोळता चोळता थांबला. "पहिले तीन सेकंद मी ब्रेकला पायच लावला नाही. वाटलं, लाल व्हायच्या आत निघून जाईन. मग कचकन दाबला. सगळा वेग शेवटच्या दोन सेकंदांत गेला."

भाचीने दहाला दोनाने भागलं. उणे पाच लिहिलं, पण वाचून दाखवलं नाही.

ताई कण्हत भावाकडे कुशीवर वळली.

"म्हणजे माझे पाय धड होते."

"हो."

"आणि तू रोज येऊन त्यांना तेल चोळत होतास."

ताईने लेकीला वॉकरवरचे टॉवेल काढायला सांगितलं. तो हात द्यायला उठला.

"तू नको."

मायलेकी उठण्याच्या खटपटीला लागल्या. तो खाली वाकून तेलाच्या बाटलीचं झाकण शोधत राहिला.