गोड सोडल्याचा नवस

आता हे सांगावं की नाही, याच विचारात मी दोन महिने काढले. पण तुम्ही घरचेच आहात, तेव्हा सांगूनच टाकतो. आमच्या मेघनाचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि ते मोडायला दुसरं कोणी नाही, खुद्द तिचा बाप निघाला होता. तेही अतिशहाणपणानं. नुसत्या मूर्खपणानं माती खाल्ली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं.

मला तीन वर्षांपासून डायबेटिस आहे. आता तो कुणाला नाही? पण गेल्या वर्षी मेघनासाठी पुण्याचं एक स्थळ आलं होतं. सगळं जुळत आलं होतं. मुलाच्या आईनं पोहे खाता खाता सहज विचारलं, "घरात कुणाला बीपी, शुगर वगैरे?" मी सरळ माणूस. म्हटलं, "मला आहे की शुगर." चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. अहो, पत्रिका त्यांनीच महिनाभर आधी जुळवून घेतली होती. मेघना जेवली, स्वतःचं ताट घासलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या बंद दाराकडे बघत मी ठरवून टाकलं, पुढच्या वेळी सुपारी फुटेपर्यंत या विषयावर तोंड उघडायचं नाही.

पुढची वेळ आली ती स्वप्नीलच्या रूपानं. तो मेघनाच्याच ऑफिसात. दोघांनी आपलं आपणच ठरवलेलं. मुलगा आगरी, उलव्याच्या पलीकडच्या गावातला, आणि आम्ही नवीन पनवेलच्या सेक्टरमधले फ्लॅटवाले. मुलगा लाख होता. फक्त घरच्यांची बोलणी व्हायची होती.

"सरळ सांगून टाका," माझी बायको सुलभा म्हणाली. "उद्या कळलं तर काय तोंड दाखवाल?"

"उद्याचं उद्या."

"बाबा, मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," मेघना म्हणाली. "नाही विचारलं तर गप्प बसेन. स्वप्नीललाही अजून सांगितलेलं नाही, तुम्ही शपथ घातलीत म्हणून."

मुलीला असं शपथेत बांधून मी ऐटीत गाडी काढली. वाटेत डंपरमागून डंपर, सगळीकडे खडीची धूळ. सुलभा खिडकीबाहेर बघत होती. ती खिडकीबाहेर बघायला लागली की समजायचं, आपलं काहीतरी चुकतंय.

स्वप्नीलचं घर तीन मजली, अंगणात तुळस, जिन्याला चकचकीत स्टीलचा कठडा. त्याचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, रस्त्यापर्यंत घ्यायला आले होते. घरात मात्र राज्य नानांच्या आईचं, म्हणजे स्वप्नीलच्या आजीचं. ऐंशीच्या घरातली बाई, पण नजर अशी की खिशातलं रुमाल-पाकीट बाहेरूनच मोजेल.

बसलो. चहा आला, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. पाठोपाठ रव्याचे लाडू, एकेक क्रिकेटच्या चेंडूएवढा. आजींनी स्वतः ताटली पुढे केली.

"घ्या भाऊ. माज्या हातचं हायत."

"मी गोड नाही खात, आजी."

"का? शुगर हाय काय?"

आता काय सांगू तुम्हाला. म्हातारीनं पहिल्याच चेंडूवर दांडी उडवली. पुण्याचं ते स्थळ, ते बंद दार, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. समोर मेघना बसली होती, आणि तिनं श्वास रोखून धरलाय हे मला इकडून दिसत होतं. नुसतं "आवडत नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं की नाही? पण नाही. माझ्या तोंडून निघालं, "छे छे, शुगर कसली? नवस आहे. मुलीचं लग्न ठरेपर्यंत गोड सोडलंय."

सुलभाला ठसका लागला.

आजींनी ताटली खाली ठेवली. "पोरीसाठी गोड सोडलाव? किती वर्सं झाली?"

"तीन."

"कंच्या देवाला बोललाव?"

इथे तरी थांबावं ना माणसानं? आमच्या घरचा देव सांगायचा आणि गप्प बसायचं. पण मला वाटलं, जमतंय तर आणखी थोडं जमवू. भिंतीवर एकवीरा आईची भली मोठी तसबीर होती. मी तिच्याकडे बघून हात जोडले आणि म्हटलं, "आईलाच. एकवीरेला."

मी कार्ल्याला जन्मात एकदा गेलोय, ऑफिसच्या सहलीला. त्यातही पायऱ्या बघून खालीच बटाटेवडे खात बसलो होतो.

पण तिथे घरातली हवाच बदलली. एकवीरा म्हणजे त्यांची कुलदेवता. नानांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि ते ताठ बसले. स्वप्नीलच्या आईनं पदरानं डोळे टिपले. आजी तसबिरीकडे बघत म्हणाल्या, "आई माऊली, बग गं, कुटला कोन मानूस आनि तुजं नाव घेऊन तीन वर्सं जीभ आवरून बसलाय." खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही माझ्याबद्दल आदर वाटला.

आणि तिथूनच घसरगुंडी सुरू झाली.

त्या दिवशी खरं तर नुसती तोंडओळख व्हायची होती. सुपारी पुढच्या महिन्यात. पण आजी म्हणाल्या, "आईनंच ह्यांना आपल्या दारात आनलाय. आता काय विचारायचा रायलाय? नाना, सुपारी काड. आनि शेजारच्या चौघींना बोलाव."

"चौघी कशाला, आजी?" मी विचारलं.

"घरची सून धरून पाच सवाशिनी. नवस पुरा झाला तर सोडाया नको? पाचजनी एकेक पेढा भरवतील, मंग तुमी मोकलं."

पाच पेढे. मंगळवारीच माझी उपाशीपोटीची शुगर तीनशे बारा आली होती. कानामागून घामाची धार निघाली. सुलभा माझ्याकडे बघत होती. ती बघत होती म्हणजे, तुम्हीच घातलाय हा घोळ, आता तुम्हीच निस्तरा.

मी म्हटलं, "आजी, मगाशी मी ठरेपर्यंत म्हणालो, पण त्याचा अर्थ लग्न लागेपर्यंत. अक्षता पडल्याशिवाय नाही."

मला वाटलं, सुटलो. लग्न डिसेंबरात करायचं मुलांनी आपापसांत ठरवलं होतं, मधे सहा महिने होते. आजींनी मान डोलावली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजे अजून सा महिने ह्या बापानं गोड खायाचा नाय? नाय नाय. आईला आवडनार नाय. नाना, भटजीला फोन लाव. ह्याच महिन्यातली तारीक बग."

नानांनी खरंच फोन लावला. पलीकडून भटजी म्हणाले, अकराव्या दिवशी मुहूर्त आहे.

मेघनाचा चेहरा पांढरा पडला. सप्टेंबरात तिची परीक्षा होती, दोन वर्षं नोकरी सांभाळून जिचा अभ्यास चालला होता ती. स्वप्नील "आजी, अगं ऐक तर" म्हणत होता, पण तिथे त्याचं कोण ऐकतंय? नाना तोवर मांडववाल्याचा नंबर शोधायला लागले होते. स्वप्नीलच्या आईनं पेढ्यांचं ताट आणून ठेवलं होतं. शेजारच्या चौघी आल्या होत्या आणि दारात उभ्या राहून माझ्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तशा बघत होत्या.

मी विचार केला, आपल्या एका थापेपायी मुलीची परीक्षा जाणार. त्यापेक्षा खाऊन टाकू पाच पेढे, जे होईल ते होईल. म्हटलं, "थांबा नाना, तारीख नको. ठरलं म्हणजे ठरलं. मी आत्ताच नवस सोडतो." आणि ताटातला पेढा मी स्वतःच उचलला.

मेघनानं उठून माझं मनगट धरलं. "बाबा, नको. तीनशेच्या वर आहे तुमची शुगर."

शेजारच्या चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

नाना सावकाश उठले. "शुगर हाय तुमाला?"

"हो."

"मंग नवस?"

मी पेढा खाली ठेवला. "नवस नाही."

"शुगर कोनाला नाय हो," नाना म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, चढवला असता तर बरं झालं असतं. "पन आईचं नाव घेऊन खोटं? माज्या घरात बसून?"

मी पुण्याच्या स्थळाचं सगळं सांगितलं. म्हटलं, "माझ्या दुखण्यापायी हिचं एकदा मोडलंय. पुन्हा मोडू नये म्हणून बोललो. चूक माझी आहे, हिची नाही. हिला मीच शपथ घातली होती." मेघना रडत होती. स्वप्नील तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला, पण तोही माझ्याकडे बघेना. सुलभा पर्स उचलून उठायच्या तयारीत होती. सगळं संपलं, असंच मला वाटलं.

आजींनी भिंतीवरच्या एका हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं.

"आमचा म्हातारा. गावात हलद असली की गोडाची पयली ताटली त्याला. कुनाला नाय म्हनायची त्याला लाज. शुगर हाय म्हनायची त्यावून जास्त लाज. मी पन गप रायले, लोक काय बोलतील म्हनून. पयला आंगठा कापला, मंग पाय. मंग तोच गेला."

लाडवाची ताटली आजींनी स्वतःच्या हातानं माझ्यापासून लांब सरकवली.

"मना शुगर चालते, भाऊ. लपवालपवी नाय चालत. आईच्या नावानं बोललाव, तर आता तो नवस खरा करा. लग्न लागेपरयंत गोडाला हात नाय. डिसेंबरात करू लग्न, पोरीची परीक्षा होऊ दे. कबूल?"

"कबूल, आजी."

"आनि अजून काय लपवलाय तर आताच सांगा. मागून काय निगाला तर सुपारी परत घेईन मी."

आता मला सांगा, शहाण्या माणसानं इथे काय म्हणावं? "काही नाही" म्हणावं आणि सुपारी फोडून घ्यावी. पण माझं मन भरून आलं होतं हो. एक थाप पचली नव्हती, दुसरी पोटात ठेवायचा धीर होईना. मेघना डोळे पुसून माझ्याकडेच बघत होती. म्हटलं, आज सगळं स्वच्छ करून टाकू.

"गाडीत आहे," मी म्हणालो.

"काय हाय गाडीत?"

"बालुशाही. डिकीत, स्टेपनीच्या खाली. अर्धा किलो."

सुलभानं पर्स पुन्हा खाली ठेवली. अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही रोज संध्याकाळी टायरची हवा बघायला खाली जाता, ती हीच का हवा?"

"हो."

"तीन वर्षं?"

"मधे काही दिवस सुट्टी असते."

अहो, ही बाई सोसायटीत सगळ्यांना सांगायची, आमचे हे गाडीची किती काळजी घेतात. रोज पथ्याची भाकरी थापायची, कारल्याचा रस काढायची, आणि शुगर उतरत का नाही म्हणून डॉक्टरांशी भांडायची. डॉक्टर बदलावा म्हणत होती. माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

पहिले हसले ते नाना. आधी नुसते खांदे हलले, मग ते भिंतीला टेकले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. चौघी सवाशिनींनी पदर तोंडाला लावले. आजींनी हात पुढे केला, मी मुकाट्यानं किल्ली दिली, आणि माझा होणारा जावई माझ्या स्टेपनीखालून माझी बालुशाही काढून आणायला गेला.

सुपारी फुटली. आजी म्हणाल्या, "पेढं आत ठेवा. आज हीच वाटायची." माझ्या डोळ्यांदेखत पुडकं सुटलं आणि एकेक बालुशाही एकेकाच्या हातात गेली. नाना म्हणाले, "ताजी हाय." सुलभानंही खाल्ली, अगदी माझ्याकडे बघत, सावकाश. पाच सवाशिनींपैकी एकीला अर्धीवर भागवावं लागलं, तरी ती खूश होती.

शेवटी पुडक्यात एकच तुकडा उरला. माझ्या दातांची खूण असलेला, आदल्या संध्याकाळचा. आजींनी तो कागदात नीट गुंडाळला आणि सुलभाच्या हातात दिला. "जपून ठेव गो," म्हणाल्या, "मानूस परत खोटा बोलला तर दाखवाया."

सुलभानं तो डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलाय. आल्यागेल्याला काढून दाखवते. परवा गॅसवाल्यालासुद्धा दाखवला.