विहिरीकडची बाजू

ती शेतात सेन्सर बसवायची. माती सुकली की सेन्सरला कळतं आणि ठिबकचं पाणी आपोआप सुरू होतं. एकदा काम निघालं ते तिच्या लहानपणी वडिलांनी विकलेल्या शेतातच. मालकाला तिने हे सांगितलं नाही, पण खड्डा खणताना मूठभर माती हातात धरून बसून राहिली.

“काही अडचण आहे का, ताई?” मालकाने विचारलं.

“नाही काका. माती चांगली आहे.”

संध्याकाळी तिने वडिलांना फोन केला. “बाबा, आपल्या शेतात जाऊन आले.”

ते म्हणाले, “विहिरीकडची बाजू अजून लवकर सुकते का गं?”

तेव्हापासून रोज सकाळी ती त्यांना सेन्सरकडून मोबाईलवर आलेला तिथल्या ओलाव्याचा आकडा सांगते. पाणी केव्हाच सुरू झालेलं असतं, तरी ते म्हणतात, “आज पाणी द्यायला हवं.”